एकशे चौदा, दोनशे सत्याऐंशी

जांबोटीच्या पुढे सडक संपते,
तिथून दीड कोस चालत.
खांद्याला बर्फाचा डबा, पिशवीत नळ्या,
आणि संमतीपत्रांचे दोन गठ्ठे, एक मराठी, एक कन्नड.
जिला जी वाचता येईल ती, असा नियम.
शेवंताला कुठलीच येत नव्हती.
निघताना सर म्हणाले होते,
दोन्हींवर घ्या अंगठा. असू दे.
घेतला.

रक्त मात्र एकदाच काढलं,
एका दंडातून, एका सुईनं,
आणि दोन नळ्यांत वाटलं,
पाहुणे वाढले की आई भाकरी मोडायची तसं.
चिठ्ठी चिकटवताना हात थांबला होता माझा.
खालून जीपचा हॉर्न वाजला.

अशी ती दोन झाली.
एकशे चौदा: शेवंता मल्लाप्पा गुरव, वय छत्तीस.
दोनशे सत्याऐंशी: सेवंतव्वा एम. गुरव, वय अडतीस.
हिमोग्लोबिन दोघींचं नऊ पूर्णांक चार.

गोळ्या तांबूस होत्या.
आठ दिवस घेतल्या तिनं, नवव्या दिवशी
तरवा काढताना चिखलात आडवी झाली.
ओकून ओकून डोळे आत गेले.
मी लिहिलं, त्रास: होय.
दोनशे सत्याऐंशीला कसली ओकारी?
तिला पोटच नव्हतं.
तिच्या रकान्यात लिहिलं: नाही.
अक्षर माझंच आहे. माझ्या ह ची शेपटी ओळखू येते.

असं गावोगाव.
दीडशे बाया, तीनशे नावं,
आणि भागाकारात निम्मा झालेला त्रास.
परदेशी मासिकात छापून आलं, सरांचं नाव पहिलं.
कॉलेजच्या गेटवर बॅनर.
आम्हाला कुंदा वाटला.
खाल्ला मी. चांगला होता.

चार वर्षांनी कुठल्याशा थंड गावात
कुणा चिकट माणसानं दोन ओळी शेजारी ठेवल्या.
नऊ पूर्णांक चार, नऊ पूर्णांक चार.
पांढऱ्या पेशी त्याच, साखर तीच,
शेवटच्या आकड्यापर्यंत.
मग पत्रं, मग चौकशी,
मग प्रत्येक पानावर तिरका तांबडा शिक्का:
हे संशोधन मागे घेतलं आहे.
आमच्याकडे मोर्चे मागे घेतात, खटले मागे घेतात,
हेही घेतात हे माहीत नव्हतं.
खाली कारण, बारीक टायपात:
क्षेत्र-कर्मचाऱ्याकडून नोंदीत चूक.
क्षेत्र-कर्मचारी म्हणजे मी.
सर आता दुसऱ्या कॉलेजात डीन आहेत.

मी बेळगावात वाढले.
पाटीला डांबर फासलं तरी
उन्हं कलली की खालची अक्षरं वर येतात,
शाळेत जाता-येता वाचायचो आम्ही.
त्या तांबड्या शिक्क्याखालचंही लोक वाचतातच.
भाचा म्हणाला, अजून दाखले देतात त्याचे, मावशी.
आणि खानापुरात औषधाच्या दुकानात
त्याच गोळ्या, त्याच तांबूस,
मागे कुणी घेतल्या नाहीत.

परवा गेले, सांगायला.
शेवंता काजू फोडत बसली होती,
चिकानं बोटं जळून काळी,
अंगठ्यावर आता रेघ उरलेली नाही.
सगळं सांगितलं. दोन नळ्या, दोन नावं, माझं "नाही".
वाटलं, शिव्या घालेल.
ती हसायला लागली.
"मी दोन होतो व्हय गे?
आदी सांगायचं न्हाईस.
एक निजली असती त्या दिवशी,
एकीनं तरवा काढला असता की."

साडेपाचची बस होती. उठले.
दारापर्यंत आली, मूठभर काजू पदरात बांधून दिले,
आणि मग हसू थांबवून, खरंच विचारल्यासारखं,
"ती दुसरी बरी हाय न्हवं आता?"

बरी आहे, म्हटलं.
तिला कधी काही झालंच नाही.